मदत हवी आहे: गोटी-उताराच्या प्रयोगात त्वरण जुळत नाही

सरळ रेषेतल्या गतीसाठी वर्गात गटागटाने त्वरण मोजायचं आहे. १ मीटरची फळी, एक टोक २० सेंमी उचललेलं, काचेची गोटी, मोबाईलचं स्टॉपवॉच. २५, ५०, ७५ आणि १०० सेंमीला वेळ घेतली. दर गटाचं उत्तर वेगळं येतंय. शिवाय काही मुलांचं त्वरण इतरांच्या जवळपास निम्मं निघतं. चूक मांडणीत आहे की आकडेमोडीत?

प्रतिसाद १

दोन्हीकडे. निम्म्याचं आधी सांगतो. ती मुलं अंतर भागिले वेळ करतात, त्यालाच शेवटचा वेग धरतात आणि पुन्हा वेळेने भागतात. पण तो सरासरी वेग आहे. गोटी स्थिर स्थितीतून सुटली आणि त्वरण एकसारखं असलं, तर शेवटचा वेग त्याच्या दुप्पट असतो. ही चूक लगेच खोडू नका. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फरक कुठून आला ते मुलांनाच शोधू द्या. सगळ्या तासातलं सर्वांत मोलाचं शिक्षण तिथेच होतं.

आता मांडणी. तुमच्या उतारावर पहिले २५ सेंमी जेमतेम ०.६ सेकंदात संपतात. बटण दाबायला ०.२ सेकंद उशीर झाला की वेळ एक तृतीयांशाने चुकते, आणि त्वरणात वेळेचा वर्ग येत असल्याने चूक आणखी फुगते. उतार कमी करा, लांबी वाढवा: २ मीटरची सरळ पट्टी, एक टोक फक्त ४ सेंमी वर. मध्ये आधार द्याच. पट्टी झोळीसारखी वाकली की वरचा भाग जास्त उतरता होतो, खालचा सपाट होतो आणि त्वरण एकसारखं राहत नाही.

स्टॉपवॉच बाजूला ठेवा. मेट्रोनोम (ठरावीक अंतराने ठोके वाजवणारं) ॲप मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. गोटीपुढे आडवी पट्टी धरा आणि ठोक्याला ती उताराच्या दिशेने झटकन काढा. बोटाने सोडली तर नकळत धक्का बसतो. प्रत्येक ठोका एकेका मुलाला वाटून द्या. त्याने गोटीची पुढची कड जिथे दिसेल तिथे खडूची खूण करायची. पट्टीला पन्हळ, म्हणजे लांब खाच, नसेल तर खुणा साधारण ७, २८, ६३, ११२, १७५ सेंमीवर पडतात. लागोपाठच्या खुणांमधली अंतरं ७, २१, ३५, ४९, ६३, म्हणजे १:३:५:७:९. गॅलिलिओने मांडलेलं हेच प्रमाण.

प्रतिसाद २

एक भर. उत्तराची तुलना ९.८ गुणिले उंची भागिले लांबी याच्याशी करू नका. गोटी घरंगळते, फिरण्यातही ऊर्जा जाते, म्हणून पन्हळ नसलेल्या पट्टीवर भरीव गोटीला त्याच्या ५/७ पटच त्वरण मिळतं: इथे ०.१९६ ऐवजी ०.१४ मीटर प्रति सेकंद वर्ग. पन्हळीच्या दोन कडांवर टेकून घरंगळली तर त्याहून कमी. खुणा जवळ येतील, प्रमाण मात्र तेच राहील.

आलेख अंतर विरुद्ध वेळेचा वर्ग असा काढून घ्या. रेषेचा चढ दुप्पट केला की त्वरण. रेषा शून्यातून जात नसेल तर आधी गोटी सोडण्याची पद्धत तपासा.

मूळ प्रश्नकर्ता

निम्म्याचा उलगडा झाला, आभार. गोटी खालून वर ढकलली तर अगदी वरच्या टोकाला त्वरण शून्य होतं असं मुलं ठामपणे म्हणतात. हे याच पट्टीवर दाखवता येईल का?

प्रतिसाद १

येईल. व्हिडिओ काढा आणि दर १० फ्रेमला जागा नोंदवा. वर जाताना लागोपाठची अंतरं जितकी घटत जातात, वळल्यावर तितकीच वाढत जातात. वळणाच्या क्षणी त्वरण खरंच शून्य असतं, तर गोटी तिथेच थांबून राहिली असती.