मदत हवी आहे: सेटिंग फाईल बदलली तरी कंपोनंट कॉम३च धरतो

काटेवाला_सावदा: भुईकाट्याचं वजन वाचणारा कंपोनंट लिहिलाय. काटा ज्या पोर्टला (कॉम३, कॉम५ वगैरे) जोडतो, त्याचं नाव आधी कोडमध्येच होतं, आता सेटिंग फाईलमध्ये काढलं. लॅपटॉपवर चकाचक चालतं. गिऱ्हाईकाकडे कॉम५ लिहिलं तरी कॉम३च उघडायला जातो. फाईलबद्दल एकही एरर नाही. सकाळी केळीच्या गाड्या लागतील, लवकर सांगा.

जळगावी_कोडर: भाषा कोणती? फाईल कसली? हाताने चालवता की सर्व्हिस म्हणून, मागे आपोआप?

काटेवाला_सावदा: डॉटनेट ८. सेटिंग फाईल जेसन, म्हणजे कंसात नाव-किंमत लिहायची ती.

धुळेकर: जेसन सोडा, आयएनआय घ्या, एका ओळीत एक सेटिंग. मुनीमजी नोटपॅडमध्ये उघडणार, एक कंस उडाला की बोंबला. कॉमेंटही लिहिता येत नाही.

जळगावी_कोडर: येते की. डॉटनेटचा कॉन्फिगरेशन वाचक दोन तिरप्या रेघांची कॉमेंट वगळतो, शेवटचा जादा स्वल्पविरामही चालवून घेतो. लॉगच्या पाथमधली उलटी तिरपी रेघ मात्र दोनदा लिहावी लागते.

धुळेकर: हे मुनीमजींना कोण सांगणार?

तापीकाठ: फाईल कोठे शे ते सांग ना भो आधी! नाव नीट बघ. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, शेवटी .टीएक्सटी चिकटलेलं असतं.

पारोळेकर: वजन हलत असेल तर सलग ५ वाचनं सारखी आल्यावरच धरा.

काटेवाला_सावदा: दादा, वजन येतच नाहीये अजून! फाईल एक्सईशेजारीच आहे, नाव बरोबर आहे. तिथे विंडोज सर्व्हिस म्हणून चालतं. बेसपाथला (फाईल शोधायची जागा) गेटकरंटडिरेक्टरी, म्हणजे चालू डिरेक्टरी दिलीय; ऑप्शनल ट्रू, म्हणजे फाईल नसली तरी चालेल.

जळगावी_कोडर: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं भाऊ. सर्व्हिसची चालू डिरेक्टरी सिस्टम३२ असते, फाईल तिथे शोधली जाते. सापडत नाही, ऑप्शनल असल्याने कुणी ओरडत नाही आणि क्लासमधला डिफॉल्ट कॉम३ उरतो. बेसपाथला अ‍ॅपकॉन्टेक्स्टची बेसडिरेक्टरी (एक्सई असते ती) द्या, ऑप्शनल फॉल्स करा. पोर्टचा डिफॉल्ट काढून टाका आणि रिकामा असेल तर सुरू होतानाच थांबवा.

काटेवाला_सावदा: कॉम५ उघडला! पण नुसती चौकोनं-प्रश्नचिन्हं येताहेत. फाईलमध्ये बॉडरेट (डेटा पाठवायचा वेग) २४०० लिहिलाय, काट्याच्या डिस्प्लेवरही २४०० आहे.

तापीकाठ: क्लासमध्ये त्या प्रॉपर्टीचं स्पेलिंग काय? एक अक्षर चुकलं तर बाइंडर (फाईलमधली सेटिंग क्लासमध्ये भरणारा) ती नोंद गुपचूप सोडून देतो आणि डिफॉल्ट ९६०० चालतो. एररऑनअननोनकॉन्फिगरेशन ट्रू करा, मग बोलेल. स्पेलिंग बरोबर निघालं तर पॅरिटी (चूक तपासणारा बिट) आणि डेटा बिट तपासा, काही काटे ७ बिट, ईव्हन पाठवतात.

काटेवाला_सावदा: एक 'यू' खाल्ला होता. वजन आलं. आता पोर्ट बदलला की सर्व्हिस रीस्टार्ट करावीच लागते का?

जळगावी_कोडर: कोडला सेटिंग देणारं आयऑप्शन्स एकदाच वाचतं. फाईल बदलली की कळवणारं आयऑप्शन्समॉनिटर घ्या, रीलोडऑनचेंज ट्रू. ऑनचेंजमध्ये जुना पोर्ट बंद करून नवा उघडा. एकदा सेव्ह केलं तरी ऑनचेंज बऱ्याचदा दोनदा वाजतं, म्हणून ५०० मिलिसेकंद थांबून शेवटचंच धरा, नाहीतर पोर्ट व्यस्त म्हणून आपटेल.

धुळेकर: आयएनआयमध्ये ही कटकटच नाही.

तापीकाठ: तीच कटकट आहे. फाईल बदलली म्हणून उघडलेला पोर्ट आपोआप थोडाच बदलतो?

पारोळेकर: सावद्याला आज केळीचा भाव काय निघाला?