खिशात मावणारं शहराचं गाइडबुक: तुम्ही कसं निवडलंत?

ठाणे (धागाकर्ती)
मे महिन्यात आई-बाबांना घेऊन पॅरिसला जायचं ठरलंय. तिकिटं झाली, व्हिसाची फाइल तयार आहे, गाडी अडलीय ती पुस्तकावर. दुकानात एकाच शहराची चार-पाच छोटी पुस्तकं, आणि झाडून सगळ्यांच्या मुखपृष्ठावर आयफेल टॉवर! जाडजूड पुस्तक घरी वाचायला ठीक आहे, दिवसभर खांद्यावर नको. ज्यांनी अशी छोटी पुस्तकं खरोखर वापरलीत त्यांनी लिहा: काय पाहून घेतलंत, रस्त्यावर काय कामाला आलं, काय नुसतंच ओझं झालं. कुठलंही शहर चालेल.

पुणे
मी आधी मांडणी बघते. डीके प्रकाशनाच्या टॉप टेन मालिकेत दहा-दहाच्या याद्या असतात. घरी बसून काय बघायचं, काय सोडायचं हे ठरवायला त्या झकास. लोनली प्लॅनेटच्या पॉकेट मालिकेत शहराचे भाग पाडलेले असतात आणि भागागणिक नकाशा असतो. चालताना मला हेच बरं पडतं.

पॅरिसचं तर विशेषच. तिथले २० विभाग मध्यापासून गोगलगाईच्या शंखासारखे वळत वळत बाहेर जातात, आणि रस्त्याच्या निळ्या पाटीवर नावासोबत विभागाचा आकडाही असतो. पुस्तकातल्या पत्त्यात तो आकडा असला की आपण शहरात कुठे आहोत याचा अंदाज लगेच येतो. दुसरं म्हणजे बंद वार. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी. दुकानात उभ्याउभ्या ही माहिती शोधून बघा. पान उलटून उलटून कंटाळलात, तर ते पुस्तक ठेवून द्या.

नाशिक
पण आता पुस्तक हवंच कशाला? ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, ठिकाणांवर खुणा करा, झालं. मी सगळीकडे तसाच फिरतो.

कोल्हापूर
नाशिककर, एकटे फिरत असाल तर झालं! आम्ही चौघं फिरतो तेव्हा फोन एकाच्या हातात आणि बाकीचे तिघं मुकाट त्याच्या मागे. बाकावर बसलं की पुस्तक चौघांत फिरतं, भांडणंही समजून-उमजून होतात.

आता माझा मुद्दा, कारण सत्तरी जवळ आलीय. छोटं पुस्तक म्हणजे बारीक टाइप, हे कोणी सांगत नाही. नकाशावर तर राखाडी रस्ते आणि त्यावर त्याहून जरा गडद राखाडी नावं! दुकानातल्या लख्ख दिव्याखाली सगळंच वाचता येतं. तुमच्या बाबांना दुकानात न्या, जरा अंधाऱ्या कोपऱ्यात उभं करा आणि एक पत्ता मोठ्याने वाचायला सांगा. त्यांना जमलं तरच घ्या. नाहीतर पुस्तक कुठलंही घ्या आणि लॅमिनेट केलेला घडीचा नकाशा वेगळा घ्या, तो पावसातही टिकतो.

नागपूर
हे वाचून काही जण रागावतील. आपण पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं, पण मी गाइडबुक ब्लेडने कापतो. रोमच्या वेळी हॉटेलांची पानं, खरेदीची पानं, आसपासच्या गावांचं प्रकरण, सगळं काढलं. उरलं त्याचे दोन भाग केले, एक नदीच्या या काठाचा, एक व्हॅटिकनच्या बाजूचा, आणि पाठीला चिकटपट्टी मारली. रोज एकच भाग शर्टाच्या खिशात. बायको अजून त्या कापलेल्या पानांवरून बोलते. शिवणीचं पुस्तक असेल तर मात्र कापू नका, पानं सुटून येतात. बांधणी नुसत्या गोंदाची असली तर काम सोपं.

मुंबई, गिरगाव
फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या आवृत्त्या स्वस्तात मिळतात, पण आतलं प्रकाशनवर्ष बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. गल्ल्या आणि इतिहास शिळे होत नाहीत. तिकिटं, वेळा आणि हॉटेलं होतात. कधीकधी अख्खं ठिकाणच हलतं. टोकियोच्या त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला, त्सुकिजीत बाहेरची दुकानं राहिली. इस्तंबूलची हागिया सोफिया २०२० मध्ये संग्रहालयाची पुन्हा मशीद झाली. रोमचं पॅन्थिऑन २०२३ च्या जुलैपर्यंत फुकट होतं, आता तिकीट आहे.

ठाणेकर ताई, नोत्र दाम चर्च एप्रिल २०१९ मध्ये जळलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. मधल्या वर्षांतल्या पुस्तकांत ते बंदच असणार. तेवढं एक पान बघितलंत तरी आवृत्तीची परीक्षा होते.

सांगली
शाकाहारी लोकांनी खाण्याच्या पानांवर पुस्तक निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुंदर फोटो असतात आणि त्यात आपल्यासाठी चीज सोडून काही नसतं. पॅरिसमध्ये पासाज ब्रादीत भारतीय उपाहारगृहं आहेत, ला शापेलकडे तमिळ लोकांची खाणावळी-दुकानं आहेत, आणि मारे भागात रोझिए रस्त्यावर फलाफल मिळतं. ती दुकानं ज्यूंची, त्यामुळे शनिवारी बरीच बंद. ही तिन्ही ठिकाणं नकाशावर स्वतःच पेनने मांडून ठेवा.

लंडन
आमच्याकडे भारतातून पाहुणे येतात तेव्हा पुस्तक कोणतं आणू म्हणून आधी विचारतात. मी सगळ्यांना एकच युक्ती सांगते. ज्या शहरात आपण वाढलो त्याच्यावर त्या प्रकाशकाने काय लिहिलंय ते वाचायचं. मुंबईचं छोटं पुस्तक नसेल तर भारताच्या मोठ्या पुस्तकातलं मुंबईचं प्रकरण उघडा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हे लिहिलंय का? लोकलच्या गर्दीच्या वेळा सांगितल्यात का? आपल्या गावाबद्दल जो थापा मारतो, तो पॅरिसबद्दल खरं सांगेल कशावरून?

ठाणे (धागाकर्ती)
लंडनकर, हे भारीच! शनिवारी बाबांना घेऊन दुकानात जातेय, अंधाऱ्या कोपऱ्यासकट. कापायचं की नाही ते आई ठरवेल.

डोंबिवली
धाग्यावर जरा अवांतर: कोणाकडे इस्तंबूलचं छोटं पुस्तक पडून आहे का, २०२० नंतरचं? ठाणे ते कल्याण कुठेही येऊन नेतो. कापलेलंही चालेल.