माथेरानला आजी आणि नातवाला झेपेल अशी पायवाट सुचवा

मंडळी, मदत हवी आहे. डिसेंबरात दोन दिवस माथेरानला जातोय. सोबत सासूबाई (वय ६८, उजवा गुडघा कुरकुरतो) आणि आमचं पाच वर्षांचं चिरंजीव, जे सपाट रस्त्यावर 'उचलून घे' म्हणतं आणि दगड दिसला की चढायला धावतं.

दस्तुरी नाक्याला गाडी लावून अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल पकडायची, इथवर ठरलंय. पुढचं अडलंय. मागच्या खेपेला भर दुपारी पॅनोरमा पॉइंटला निघालो नि अर्ध्यातून परत फिरलो. पाणी संपलं, माकडाने हातातली चिक्की पळवली, पोराने भोकाड पसरलं. पांढरे मोजे आजतागायत तांबडेच आहेत.

यावेळी बाजारपेठेतून शार्लोट लेक, पिसारनाथाचं देऊळ आणि पुढे जमलं तर एको पॉइंट, एवढंच डोक्यात आहे. या वाटेवर गुडघ्याला त्रास होईल असे उतार कुठे लागतात? की अलेक्झांडर आणि रामबाग पॉइंटची बाजू जास्त सावलीची? घोड्यांची धूळ टाळायला सकाळी किती वाजता निघावं? आणि मुख्य म्हणजे, कुठल्या पॉइंटला कठडे धड आहेत? पोराचा हात सुटला तर, हा विचारच नको वाटतो.

घोडा किंवा रिक्षा करा असं कृपया सुचवू नका. सासूबाईंना चालायचंच आहे, त्यांनी नवीन बूटसुद्धा घेतलेत.