मायर या जर्मन आडनावाची इतकी वेगवेगळी स्पेलिंग का?

अक्षरयात्री (प्रश्न)

विज्ञानाच्या इतिहासावरील काही लेखांचा मी अनुवाद करत आहे. त्यात एकाच आडनावाचे तीन जर्मन शास्त्रज्ञ आले: ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार १८४२ मध्ये मांडणारे यूलिउस रोबर्ट मायर, मूलद्रव्यांच्या आवर्ती मांडणीसाठी मेंडेलीव्ह यांच्याबरोबर १८८२ मध्ये डेव्ही पदक मिळवणारे लोटार मायर आणि उत्क्रांतीचे अभ्यासक एर्न्स्ट मायर. देवनागरीत तिघेही ‘मायर’च. मूळ लिपीत मात्र पहिल्यांचे आडनाव एम-ए-वाय-ई-आर, दुसऱ्यांचे एम-ई-वाय-ई-आर आणि तिसऱ्यांचे एम-ए-वाय-आर असे आहे. ‘वाय’च्या जागी ‘आय’ असलेली आणखी दोन रूपेही मला आढळली. ही सगळी एकाच कुळाची रूपे आहेत, की निव्वळ उच्चारसाम्य आहे? ‘नगराध्यक्ष’ या अर्थाच्या इंग्रजी ‘मेयर’शी या आडनावाचे काही नाते आहे का? अनुवादाच्या कच्च्या खर्ड्यात ‘एकाच घराण्याच्या शाखा’ अशी तळटीप मी लिहून ठेवली आहे, आणि तिच्याविषयी मनात शंका आहे.

जुनी_दप्तरे

ती तळटीप कृपया काढून टाकावी. शब्द एक आहे, घराणी मात्र असंख्य आहेत.

लॅटिनमध्ये ‘मायोर’ म्हणजे अधिक मोठा, वरचढ. त्यावरून राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्याला ‘मायोर डोमुस’ म्हणत. आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातील जुन्या फ्रँक राज्यात हे पद इतके बलवान झाले की आठव्या शतकात कार्ल मार्टेल याच पदावरून प्रत्यक्ष राज्य चालवत होता. हाच शब्द जर्मनमध्ये ‘मायर’ होऊन खाली गावपातळीवर उतरला. सरदाराच्या किंवा मठाच्या मालकीची जमीन कसून घेणे, कुळांकडून धान्य व वेठ वसूल करणे आणि मालकाला हिशेब देणे ही मायरची कामे होती. साधारण बाराव्या-तेराव्या शतकांत ही व्यवस्था मोडू लागली, मोठ्या जमिनी खंडाने दिल्या जाऊ लागल्या आणि कारभारी मायर हळूहळू मोठा खंडकरी शेतकरी झाला. उत्तर जर्मनीतील आजच्या नीडरझाक्सन प्रांताच्या भागात तर या खंडपद्धतीचे नावच ‘मायररेख्ट’, म्हणजे मायरचा हक्क, असे होते, आणि पुढे तो हक्क वंशपरंपरागत झाला. तेथे पूर्ण शेत असणारा ‘फोलमायर’ आणि अर्धे असणारा ‘हाल्बमायर’ असे शेतकऱ्यांचे दर्जेही होते.

मठ आणि सरदार गावोगाव होते, म्हणून मायरही गावोगाव होते. आडनावे रूढ होऊ लागली तेव्हा त्यांतील प्रत्येकाला हेच नाव स्वतंत्रपणे चिकटले. शिवाय वायव्य जर्मनीतील वेस्टफालियात आडनाव माणसापेक्षा शेताला अधिक बांधलेले असे. मायरच्या शेतावर जो जावई म्हणून येई, तो स्वतःचे नाव टाकून शेताचे नाव घेई. म्हणजे तेथे खुद्द एका घरातही नाव रक्ताच्या नात्याने चालत आले असेल याची शाश्वती नसते.

इंग्रजी ‘मेयर’ आणि फ्रेंच ‘मेर’ ही त्याच लॅटिन शब्दाची भावंडे आहेत. पण जर्मन मायर म्हणजे नगराध्यक्ष नव्हे. त्या पदाला जर्मनमध्ये ‘ब्युर्गरमाइस्टर’ म्हणतात.

कुरेंट_वाचक

स्पेलिंगचा भाग मी सांगतो, कारण गेली काही वर्षे जुन्या चर्चमधील नोंदवह्यांची छायाचित्रे वाचण्यात माझा बराच वेळ जातो.

दक्षिणेकडील लेखनिकांना एक खरी अडचण होती. मध्ययुगीन जर्मनमध्ये वेगळे असलेले दोन स्वर, म्हणजे जुना ‘एइ’ आणि दीर्घ ‘ई’, कालांतराने प्रमाण उच्चारात एकच झाले. बव्हेरिया व श्वाबिया येथील बोलींत मात्र ते वेगळेच राहिले. म्हणून तेथील लोक जुन्या ‘एइ’ उच्चारासाठी ए-आय किंवा ए-वाय ही रोमन अक्षरे लिहीत. प्रमाण जर्मनमध्येही याची खूण उरली आहे: ‘लाइब’ हा शब्द पावाच्या अर्थाने ए-आय आणि शरीर या अर्थाने ई-आय असा लिहितात. मायरमध्ये जुना ‘एइ’ असल्यामुळे दक्षिणेत ‘ए’ची रूपे रुजली, तर उत्तरेत ई-वाय आणि ई-आय ही रूपे चालली. तुमचे तिन्ही शास्त्रज्ञ या नकाशावर अचूक बसतात. लोटार यांचा जन्म उत्तरेकडे ओल्डेनबुर्गमधील फारेल येथे १८३० मध्ये झाला. रोबर्ट हे दक्षिणेकडील वुर्टेमबर्गमधील हाइलब्रोनचे, जन्म १८१४. आणि एर्न्स्ट १९०४ मध्ये बव्हेरियाच्या दक्षिण टोकाला केम्प्टेन येथे जन्मले. शेवटचा ‘ई’ गाळलेले त्यांचे रूप दक्षिण बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया यांची जणू मोहोरच आहे.

आता एक पान डोळ्यांसमोर आणा. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ‘ई’ हे रोमन अक्षर ‘एन’सारखे दोन उभ्या काड्यांचे दिसते, ‘वाय’च्या डोक्यावर दोन टिंबे असतात, आणि स्त्रीच्या आडनावाला ‘इन’ जोडलेले असते. त्यामुळे बापाच्या नोंदीत ‘मायर’ आणि मुलीच्या नोंदीत ‘मायरिन’ वाचून नवखा माणूस ती दोन कुटुंबे समजतो. एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी एका पाद्र्याने ‘आय’ने आणि लग्नाच्या वेळी दुसऱ्याने ‘वाय’ने लिहिलेले मी पाहिले आहे, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटलेले दिसत नाही. १ जानेवारी १८७६ पासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली आणि मग त्या वेळी जे रूप दप्तरात होते तेच घट्ट झाले. ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद पूर्वी ‘वाय’ने लिहीत, तेथील ‘वाय’ गेला, आडनावातील मात्र राहिला.

नीलपर्ण

एक भर आवश्यक वाटते. काही मायर कुटुंबांचा त्या कारभाऱ्याशी अजिबात संबंध नाही. हिब्रूमध्ये ‘मेईर’ म्हणजे प्रकाश देणारा, आणि हे ज्यू पुरुषांचे जुने नाव आहे. तेराव्या शतकातील रोथेनबुर्गचे रब्बी मेईर प्रसिद्धच आहेत. रॉथशील्ड पेढीचे संस्थापक मायर आम्शेल यांच्या बाबतीतही मायर हे आडनाव नसून स्वतःचे नाव आहे. ऑस्ट्रियात १७८७ मध्ये आणि प्रशियात १८१२ मध्ये ज्यूंना कायम आडनाव घेणे भाग पडले, तेव्हा अनेकांनी वडिलांचे नाव आडनाव म्हणून लावले आणि ते जर्मन वळणाने लिहिले गेले. त्यामुळे केवळ स्पेलिंग पाहून कुटुंबाचा धर्म सांगणे चुकीचे आहे, आणि जर्मनीच्या इतिहासात अशा तर्कांनी किती अनर्थ केला हे लक्षात घेता मी तो मोह कटाक्षाने टाळते.

उलटा प्रवासही झालेला आहे. इस्रायलच्या नेत्या गोल्डा मेईर यांचे लग्नानंतरचे आडनाव मायरसन होते. १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांनी ते ‘मेईर’ असे हिब्रू केले.

अक्षरयात्री

सर्वांचे मनापासून आभार. तळटीप काढून टाकली आहे. आता प्रत्येक शास्त्रज्ञाच्या पहिल्या उल्लेखाजवळ मूळ अक्षरे देऊन पुढे ‘मायर’ एवढेच लिहीन. फक्त एक विचारते: ब्राझीलचे वास्तुविशारद ऑस्कर नीमायर यांच्या आडनावातील ‘नी’ काय आहे?

जुनी_दप्तरे

एका गावात दोन-तीन मायर झाले की त्यांना वेगळे ओळखण्यासाठी पुढे शब्द जोडत: वरचा तो ओबरमायर, खालचा तो नीडरमायर, ओढ्याजवळचा बाखमायर, चर्चच्या जमिनीचा किर्खमायर. उत्तरेकडील बोलीत ‘नी’ म्हणजे नवा. तेव्हा नीमायर म्हणजे नव्याने आलेला किंवा नव्या शेतावर बसलेला मायर. दक्षिणेत त्याच माणसाला नॉयमायर म्हटले असते, म्हणून नीमायर यांचे जर्मन पूर्वज उत्तरेकडचे असावेत असे त्या एका अक्षरावरून मला वाटते.