नुसत्या चालण्यानं भागत नाही
साठीनंतर रोज चाललं की पुरे, असं वर एकांनी लिहिलंय. मला अर्धंच पटतं. रंकाळ्यावर मीही रोज जातो, पण चालून दमसास वाढतो, मांडीतली ताकद तेवढी टिकत नाही. स्नायू तर चाळिशीच्या आधीपासूनच हळूहळू झिजायला लागतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामासोबत दोन दिवस ताकदीचा, आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. ताकदीचा म्हणजे काय, आपल्या तालमीतल्या बैठकाच की! माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठतो-बसतो. दात घासताना एका पायावर उभा राहतो (बायको हसते, हसू दे). तांबडा-पांढरा मात्र सोडलेला नाही, भात तेवढा निम्म्यावर आणलाय.