मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात राहून क्लीव्हलंडला भाड्याने द्यायला घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही नवरा-बायको फ्रीमाँटला राहतो, दोघंही आयटीत, एच-१बी वर (नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा). इथलं घर आवाक्याबाहेर आहे, आणि ओढाताण करून घेतलंच तरी भाड्यातून हप्ता काही सुटणार नाही. म्हणून ओहायोत भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचं मनात आहे. आमची ही पहिलीच घरखरेदी. तिकडे ओळखीचं कुणी नाही.

घर क्लीव्हलंडच्या ओल्ड ब्रुकलिन भागातलं, १९२४ साली बांधलेलं. खाली एक बिऱ्हाड, वर एक, तळघर सामाईक. किंमत १,६०,००० डॉलर. दोन्हीकडे भाडेकरू आहेत, प्रत्येकी ९५० भाडं. स्वतः राहणार नसलो तर बँक २५ टक्के डाउन पेमेंट मागते, म्हणजे आमचे ४०,००० आणि बाकीचं कर्ज. ७ टक्क्यांनी ३० वर्षांचा हप्ता ८०० च्या घरात जातो. मालमत्ता कर महिन्याला ३३०, विमा १३०, आणि देखभालीसाठी नेमायच्या मॅनेजमेंट कंपनीला भाड्याच्या १० टक्के. एवढं वजा जाता हाती ४५० राहतात. एजंटने पाठवलेल्या कागदात मॅनेजमेंटचा खर्चच धरलेला नाही, त्यामुळे त्याच्या हिशोबाने ६४०!

माझी खरी काळजी आकड्यांपेक्षा माणसांची आहे. एजंट, इन्स्पेक्टर, मॅनेजमेंट कंपनी, सगळी नावं एकाच माणसाने सुचवलेली आहेत, आणि व्यवहार व्हावा यातच त्यांचं हित आहे. दोन हजार मैलांवरून यातलं खरं काय ते कसं पारखायचं? घर स्वतःच्या नावावर न घेता त्यासाठी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढावी का? एच-१बी वर काही अडचण येते का? पुण्याचा माझा भाऊ म्हणतो, त्यापेक्षा बाणेरला फ्लॅट घे. पण तिथे किमतीच्या मानाने भाडं कमी मिळतं, म्हणून मन घेत नाही.

ऑफर शुक्रवारपर्यंत द्यायची आहे. कृपया स्पष्ट लिहा, वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मी लेकवूडला राहतो, म्हणजे तुमच्या घरापासून फार लांब नाही. इथली अशी दोन मजली जुनी घरं चांगली ओळखीची आहेत.

आधी हिशोब. घर कधीतरी रिकामं राहणार, त्यासाठी भाड्यातले निदान ८ टक्के बाजूला काढा, म्हणजे १५०. शंभर वर्षांच्या घराला दुरुस्ती, छप्पर, घर गरम ठेवणारी भट्टी, गरम पाण्याची टाकी यांसाठी महिन्याला २५० धरले तरी ते कमीच. तुमच्या ४५० मधून हे ४०० गेले की उरतात पन्नास. क्लीव्हलंडमध्ये पाण्याचं बिल भाडेकरूने थकवलं तर ते शेवटी मालकाच्या माथी येतं, तेही लक्षात असू द्या. आणि करासाठी विक्रेत्याच्या जुन्या बिलावर विसंबू नका. क्लीव्हलंड ज्यात येतं त्या कायाहोगा काउंटीत (जिल्ह्यात) २०२४ साली फेरमूल्यांकन झालं, किमती बऱ्याच वर गेल्या. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून आत्ताचा आकडा बघा.

आता घर. तळघरातून रस्त्यापर्यंत जाणारा सांडपाण्याचा पाइप त्या काळी मातीचा असायचा. सांध्यांतून झाडांची मुळं आत शिरतात. नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये हे दिसत नाही, पाइपात कॅमेरा सोडणारा माणूस वेगळा बोलवावा लागतो. त्याला दोनतीनशे डॉलर लागतील, पण पाइप बदलायची वेळ आली तर हजारोंचा खर्च असतो. व्हिडिओ स्वतः बघा, नुसता अहवाल नको.

दुसरं शिसं. १९७८ आधीच्या घरांत शिशाचा रंग असतोच असं समजून चाला. जुन्या लाकडी खिडकीची झडप वरखाली केली की रंग घासून बारीक धूळ पडते, ती चौकटीत साचते, आणि रांगणारं मूल तीच बोटं तोंडात घालतं. म्हणूनच अशी घरं भाड्याने द्यायला शहराचं लेड-सेफ (शिशाचा धोका नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. विक्रेत्याकडे ते आहे का, कधी संपतं, हे लेखी मागा. नसेल तर खिडक्यांचा खर्च धरून किंमत पाडून मागा. तिथे कुणाचं तरी लेकरू राहतंय, ही जबाबदारी आता तुमच्याकडे येणार.

तिसरं, २०२४ च्या नियमानुसार तुमच्यासारख्या बाहेरगावच्या मालकाला इथला एक जबाबदार माणूस शहराकडे नोंदवावा लागतो. मॅनेजमेंट कंपनी ते नाव द्यायला तयार आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. टाळाटाळ केली तर त्यांच्याकडे जाऊच नका.

भाग चांगला आहे. पण इथे गल्ली बदलली की चित्र बदलतं. ऑफर देण्याआधी एक शनिवार-रविवार येऊन जा, संध्याकाळी त्या रस्त्यावर पायी फिरा.

प्रतिसाद २

कराचं थोडक्यात सांगतो. ओहायोत एलएलसी काढली तरी तुम्ही ती कॅलिफोर्नियातून चालवणार, म्हणून कॅलिफोर्नियाला दरवर्षी ८०० डॉलर भरावेच लागतात. एका घरासाठी भरपूर विमा आणि वर अम्ब्रेला पॉलिसी (नेहमीच्या विम्याच्या वरचं जादा संरक्षण) हे जास्त परवडतं, असं माझं मत. रिटर्न ओहायोचंही भरावं लागेल. इमारतीचा घसारा (झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) साडेसत्तावीस वर्षांत विभागून मिळतो, जमिनीचा नाही. पण दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असेल तर घसाऱ्यामुळे दिसणारा कागदावरचा तोटा पगारातून वजा होत नाही, पुढे साठत जातो. "टॅक्स वाचेल" असं कुणी सांगत असेल तर हे विचारा. एच-१बी वर घर घ्यायला आणि भाडं घ्यायला आडकाठी नाही. घराचं रोजचं काम स्वतः करू नका, ते मॅनेजमेंट कंपनीकडेच ठेवा, आणि इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दुरुस्ती आणि रिकामे महिने धरून नवा तक्ता केला. १,६०,००० ला हे घर घ्यायचं नाही, हे नक्की झालं. एजंटला कळवलंय की शुक्रवारची मुदत आम्हाला जमणार नाही. आधी लेड-सेफ प्रमाणपत्र आणि दोन्ही भाडेकरूंचे करार पाठवा, पाइपाची तपासणी आमच्या माणसाकडून होईल, मग किमतीचं बोलू. घर गेलं तर गेलं.

लेकवूडचे दादा, पाइपात कॅमेरा टाकणारा आणि एजंटशी संबंध नसलेला इन्स्पेक्टर तुमच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिकडे यायचं बघतोय.