परवाना नसलेल्या घराचे भाडे परत मागता येते का?

पालक, इंदिरानगर

नमस्कार. माझी मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला होती आणि सप्टेंबर २०२४ च्या मध्यापासून ऑगस्ट २०२५ च्या मध्यापर्यंत इतर मुलींबरोबर एका घरात भाड्याने राहत होती. प्रत्येकीची खोली वेगळी असली तरी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकच होते, आणि मालकाने बैठकीच्या खोलीत प्लायवूडची भिंत उभी करून तिथेही एक मुलगी ठेवली होती. वीज आणि गॅस धरून भाडे दरमहा ५६० पौंड होते आणि ते मुलीच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात जात असे. अलीकडे तिच्या मैत्रिणीने तिथल्या कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, विचारले असता, या घराला परवाना नव्हता आणि मालकाने त्यासाठी १२ मे २०२५ रोजी पहिल्यांदा अर्ज केला, असे लेखी उत्तर आले.

अशा वेळी भाडेकरूला भाडे परत मागता येते, हे मला आधी पटलेच नाही. आपण नाशिकमध्ये लिव्ह अँड लायसन्सचा करार केला की लायसन्स झाले असेच समजतो, आणि करार तर आमच्याकडेही आहे. माझ्या हिशेबाने ११ महिन्यांचे ६,१६० पौंड होतात. ते मिळतील का? नव्या कायद्याने ही रक्कम दुप्पट होणार असल्याचे ऐकले, तेव्हा तोवर थांबावे का?

वकील, सीबीएस

थांबू नका. माझ्या भाच्याच्या अशाच प्रकरणाच्या निमित्ताने मला हा कायदा वाचावा लागला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडचे लायसन्स म्हणजे मालकाने भाडेकरूला राहण्याची दिलेली परवानगी, तर तिथला परवाना कौन्सिल मालकाला देते, त्यामुळे तुमच्या करारनाम्याचा या प्रश्नाशी संबंध नाही. इंग्लंडच्या २००४ च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे पाच किंवा अधिक माणसे, एका कुटुंबातली नसताना, सामाईक स्वयंपाकघर वा न्हाणीघर असलेल्या घरात राहत असतील, तर मालकाला परवाना घ्यावाच लागतो. घर तीन मजली असण्याची अट १ ऑक्टोबर २०१८ पासून गेली. परवाना नसणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो घडत असताना भरलेले भाडे, जास्तीत जास्त १२ महिन्यांचे, भाडेकरूला परत देण्याचा आदेश फर्स्ट-टियर ट्रिब्युनल, म्हणजे तिथले असे वाद ऐकणारे न्यायाधिकरण, देऊ शकते. याला रेंट रिपेमेंट ऑर्डर म्हणतात आणि तिचे नियम २०१६ च्या हाउसिंग अँड प्लॅनिंग ॲक्टमध्ये आहेत. मालकाला आधी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही, परंतु गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो.

आता तुमचा हिशेब. परवान्यासाठी रीतसर अर्ज दाखल झाला की मालकाला त्या दिवसापासून बचाव मिळतो, म्हणून १२ मे २०२५ नंतरचे भाडे सोडून द्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुदतही तिथूनच मोजायची. गुन्हा घडल्यापासून १२ महिन्यांच्या आत ट्रिब्युनलकडे अर्ज पोहोचला पाहिजे. ऑगस्टपासून मोजत बसलात तर सगळेच हातचे जाईल. तुम्ही ऐकलेली दुप्पट रकमेची, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या भाड्याची, तरतूद २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टमध्ये असून ती १ मे २०२६ पासून लागू होते. तुमच्या मालकाचा गुन्हा त्याच्या वर्षभर आधीच थांबला असल्याने ती तुमच्या कामाची नाही.

एक विचारायचे राहिले. घरात पहिल्या दिवसापासून पाच जणी होत्या का? चारच असतील, तर त्या कौन्सिलने लहान घरांसाठी जादा परवान्याची योजना लागू केली आहे का, हे पाहावे लागेल.

घरमालक, पाथर्डी फाटा

माझा एक फ्लॅट विद्यार्थ्यांना दिलेला असल्याने दुसरी बाजू मांडतो. मुलगी छपराखाली राहिली, गॅस वापरला, आणि आता सगळे पैसे परत, हे मला न्याय्य वाटत नाही. आपल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरीही भाडे परत द्या असे तो कायदा म्हणत नाही.

वकील, सीबीएस

आपला आक्षेप तिथेही विचारात घेतला जातो. भाड्यात वीज-गॅस धरलेले असेल तर त्याची रक्कम आधी वजा होते आणि उरलेल्यातला किती भाग द्यायचा हे गुन्ह्याचे गांभीर्य आणि दोन्ही पक्षांची वागणूक पाहून ठरते. पूर्ण रक्कम मिळेलच असे कोणी समजू नये. परंतु प्लायवूडच्या भिंतीमागे माणूस झोपवणाऱ्याने आग लागली तर बाहेर कसे पडायचे याचा विचार केला नव्हता, आणि परवान्याची तपासणी नेमकी त्यासाठीच असते.

माजी विद्यार्थिनी, पंचवटी

मी असा अर्ज तिथे असताना केला होता, म्हणून व्यवहारातल्या गोष्टी सांगते. करारावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते आधी पाहा. मधल्या कंपनीने घर घेऊन पुढे भाड्याने दिले असेल तर २०२३ च्या राकुसेन विरुद्ध जेप्सेन या निकालानुसार तुमचा दावा त्या कंपनीवरच चालतो, वरच्या मूळ मालकावर नाही. अर्जाचा नमुना आरआरओ १ हा आहे. सोबत बँकेचे उतारे, कौन्सिलचे उत्तर आणि कोण कधीपासून कधीपर्यंत राहत होते याचा तक्ता जोडा. मुलगी नाशिकला परतली असेल तर व्हिडिओवरून तोंडी साक्ष देण्याआधी भारताची त्याला हरकत नाही ना, हे ट्रिब्युनलला पाहावे लागते आणि त्यात वेळ जातो. म्हणून अजून तिथे असलेल्या मुलीलाही सहअर्जदार करा. डिपॉझिट संरक्षित योजनेत ठेवले नव्हते, अशी तक्रार असल्यास ती काउंटी कोर्टात वेगळी करावी लागते.

पालक, इंदिरानगर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला विचारले. सुरुवातीला चौघीच होत्या आणि जादा परवान्याची योजना तिथे नाही. पाचवी, जळगावची मुलगी, ३१ ऑक्टोबरला रात्री आली. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबर २०२४ ला लक्ष्मीपूजन होते. गॅसच्या ओट्यावर पणत्या लावून पाचही जणींनी काढलेला फोटो फोनमध्ये तारखेसह आहे, आणि मागे ती प्लायवूडची भिंतही दिसते. म्हणजे माझे ११ महिने जाऊन सव्वासहा महिन्यांच्या थोडे वर, साधारण साडेतीन हजार पौंड राहिले, आणि त्यातूनही वीज-गॅस जाईल. करारावर मालकाचे स्वतःचेच नाव आहे. जळगावची मुलगी अजून तिथेच नोकरी करते आणि सहअर्जदार व्हायला तयार आहे. आज रात्री दोघी व्हिडिओ कॉलवर बसून अर्ज भरणार आहेत.